जमिनीला कान लावणारं मशीन

जुलै लागला की दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बाल्कनीच्या काचेला बाहेरून घाम फुटतो. आत सूनबाईंनी एसी इतका वाढवलेला असतो की मी शाल गुंडाळून बसते, आणि बाहेर सकाळी सातलाच हवा ओल्या गोधडीसारखी जड झालेली असते. काच पुसून उपयोग नाही, ओल पलीकडच्या अंगाला असते. तरी मी चहाचा कप घेऊन तिथेच बसते आणि धूसर दिसणाऱ्या समोरच्या व्हिलांकडे बघते. ऐंशीला टेकले आहे. बघत बसणं एवढंच काम उरलं आहे आणि ते मी मन लावून करते.

गेल्या आठवड्यात समोरच्या अंगणात एक तरुण दिसला. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटलीसारखं काहीतरी, कानांवर हेडफोन. मान खाली घालून तो एकेक पाऊल टाकत होता आणि ती ताटली जमिनीवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होता. मी कप खाली ठेवला.

"शबाना, काय करतोय गं तो?"

"अम्मी, त्यांच्या मुलीची एंगेजमेंट रिंग गार्डनमध्ये पडलीय. तो मेटल डिटेक्टरवाला आहे, बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तीनशे दिरहम घेतो. म्हणजे आपले जवळजवळ सात हजार रुपये! नुसतं फिरायचे."

नातीने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "दादी, इट्स अ हॉबी. पीपल फाइंड ओल्ड कॉइन्स अँड ऑल. इट्स फन."

फन असेल बाई. मी पडदा ओढून घ्यायला सांगितला. 

हा ऋतू मला कधी सोसला नाही. लोक म्हणतात, उन्हाळा कुणाला सोसतो? पण मी उकाड्याबद्दल बोलत नाही. या दिवसांत दुपारी वारा सुटला की मी अजून नाक वर करून वास घेते. धुराचा वास. चौथ्या मजल्यावर, सिमेंटच्या घरात, स्प्रिंकलर छताला लावलेले असताना.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आगबोटीने इथे आले. हा देश अजून देश झाला नव्हता, आणि बाजारात आपला रुपयाच चालायचा, त्यामुळे भाजी घेताना तरी परकं वाटायचं नाही. बाकी सगळं परकं. माझा नवरा युसुफ शारजाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. रोल्लाचं ते मोठं झाड होतं ना, जिथे आता नुसतं नाव उरलं आहे, त्याच्या पलीकडे आमची गल्ली. वीसेक घरं, सगळी खजुरीच्या झावळ्यांची. आमच्या कोकणात झावळ्यांचा मांडव घालतात तो चार दिवसांच्या लग्नाला. इथे माणसं त्यात जन्म काढत होती. भिंती झावळ्यांच्या, छप्पर झावळ्यांचं, कुंपण झावळ्यांचं. आत वारा छान खेळायचा, हे कबूल करायला हवं. रात्री पडल्या पडल्या समुद्र ऐकू यायचा. पण उन्हाळा वाढत गेला की झावळ्या अशा वाळायच्या की नुसता हात लागला तरी कुरकुरायच्या. मग बायका स्टोव्ह पेटवताना बिस्मिल्ला दोनदा म्हणायच्या.

हे मला मरियमने शिकवलं. मरियम म्हणजे शेजारीण, आमच्याच खाडीच्या पलीकडच्या गावची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा अब्बास गोदीवर कारकून होता आणि युसुफचा जिवलग दोस्त. मी आले त्या पहिल्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या गळ्याकडे, हातांकडे बघून म्हणाली, "आधी खड्डा काढ, मग चूल मांड."

"कसला खड्डा?"

"सोन्याचा. हे घर पेटलं की पाव तासात खलास. माणूस पळून जातो, पेटी राहते. वाळूत पुरलेलं मात्र राहतं."

गल्लीची रीतच होती ती. दुधाच्या पावडरीचा डबा, आत चिंधीत बांधलेले दागिने, हातभर खोल वाळूत. शक्यतो माठाखाली, कारण तिथली वाळू ओलसर राहते आणि आगीत तापत नाही. जागा नवऱ्याला माहीत, दुसऱ्या कुणाला नाही. मरियमचा डबा तिच्या माठाखाली होता हे मला कळत होतं, माझ्या बांगड्या आमच्या माठाखाली होत्या हे तिला कळत होतं, आणि आम्ही कधी एकमेकींच्या माठाकडे बघितलं नाही. शेजारधर्म म्हणतात तो असा असायचा.

पण माझं एक जास्तीचं होतं. आईची पुतळ्यांची माळ. सोन्याच्या चपट्या, नाण्यांसारख्या गोल पुतळ्या, प्रत्येकीवर बारीक वेल. निकाहात ती माझ्या गळ्यात होती. बोटीवर चढवताना आईने ती माझ्या ओच्यात घातली आणि कानाशी म्हणाली, नवऱ्याला सांगू नकोस, परक्या मुलखात बाईजवळ आपलं म्हणून काहीतरी असू दे. युसुफने एकदा सहज विचारलं, "ती माळ?" मी म्हटलं, "आईकडेच राहिली." इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. ती माळ मी आमच्याच अंगणात, कपडे धुवायच्या दगडाखाली पुरली. युसुफ वाईट नव्हता. त्याला नुसती स्वप्नं फार पडायची. आज मोठं दुकान, उद्या स्वतःची बोट. स्वप्नं बघणाऱ्या माणसाला सोनं दाखवू नये असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

त्याच उन्हाळ्यात तो ते मशीन घेऊन आला. गोऱ्यांच्या छावणीतलं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळालं. लढाईत जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं मशीन. पाठीवर बॅटरीचा खोका, लांब दांडा, त्याला लाकडी पाट, कानांना ते काळे डबे. बिघडलेलं होतं, पण युसुफच्या हातात जादू होती. आठ दिवस घरभर तारा पसरून बसला आणि नवव्या दिवशी कानांना डबे लावून लहान पोरासारखा ओरडला, "बोललं! जैनू, बोललं!" माझ्या कानाला लावून दाखवलं. बारीक घूं असा आवाज, दूरवर कुणीतरी तोंड मिटून रडत असल्यासारखा. त्याने पाटाखाली एक रुपया सरकवला तशी ती घूं एकदम चिरकली. मी डबे काढून टाकले.

सुरुवातीला फार मजेचं होतं. कुणाची नथ अंगणात पडली होती ती पाच मिनिटांत सापडली. एका म्हाताऱ्या अरबाच्या बापाने कुठेतरी पुरून ठेवलेले, बाईचा चेहरा कोरलेले चांदीचे जुने रियाल निघाले. म्हातारा वाळूत बसून रडला आणि त्याने युसुफला एक रियाल आणि एक बोकड दिला. दुबईपासून माणसं यायला लागली. "यल्ला युसुफ, आमच्या अंगणात चल." तो शुक्रवारी नमाजानंतर निघायचा, आणि गल्लीतली पोरं मागे. मी दारात उभी राहून बघायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी जेवताना तो हसत हसत म्हणाला, "जैनू, आपल्या गल्लीत जमिनीखाली किती माल आहे ठाऊक आहे? मशीन घेऊन नुसता चाललो तरी कान किटतात. कुणाचं कुठे आहे, सगळं पाठ झालंय मला."

 त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला ती गंमत वाटत होती. पण ही गंमत त्याने बाजारात चार जणांनाही सांगितली होती. दोन दिवसांत गल्लीचा चेहरा बदलला. युसुफ येताना दिसला की बायका अंगणातून आत जायच्या. विहिरीवर मी पोचले की बोलणं थांबायचं. कुणी डबा उकरून पेटीत हलवला, कुणी पोलक्यात बांधला. जे वर्षानुवर्षं कुणी बघत नव्हतं ते आता एका माणसाला ऐकू येत होतं, आणि तो माणूस माझा नवरा होता.

मग तो म्हणाला, "या शुक्रवारी आपलंच अंगण बघतो. आधी इथे राहणाऱ्यांचं काही राहिलं असेल."

दुसऱ्या दिवशी तो दुकानावर गेल्याबरोबर मी दगड सरकवला, माळ उकरली आणि तशीच वाळूने भरलेल्या हातांनी मरियमकडे गेले. ती सहा महिन्यांच्या सफियाला मांडीवर तेल लावत बसली होती. मी सगळं सांगितलं. आईचं, बोटीचं, खोटं बोलले ते. ती ऐकून हसली नाही, रागावलीही नाही.

"अमानत म्हणून ठेवतेस?"

"हो."

"मग खलास. आता तिची जबाबदारी माझ्या गळ्यात. माठाखाली माझ्या डब्यातच ठेवते."

"नको नको! जमिनीत नको. तो सगळ्या अंगणांतून फिरतो, तुझ्या डब्याचा आवाज त्याच्या कानाला सवयीचा आहे, जास्त वाजलं तर कळेल त्याला. तू वर ठेव. छपरात, आढ्याच्या वाशाला बांध. ते मशीन जमिनीलाच कान लावतं, वर बहिरं आहे."

"छपरात सोनं? जैनू, आगीचे दिवस आहेत."

"चारच दिवस. शुक्रवार होऊ दे, मी घेऊन जाते. आणि अब्बासभाईंना सांगू नकोस, ते युसुफला सांगतील."

नवऱ्यापासून लपवायचं तिच्या जिवावर आलं. मग म्हणाली, "तुझी वस्तू आहे, तू म्हणशील तसं." मी तिला विचारलंही, तू तुझा डबा हलवला नाहीस का, सगळ्यांनी हलवले. ती म्हणाली, "मी कशाला हलवू? युसुफभाई काय चोर आहे?"

माझा नवरा चोर नाही हे शेजारणीला माहीत होतं. मला, त्याच्या बायकोला, खात्री नव्हती.

शुक्रवारी युसुफने आमचं अंगण तपासलं. माझ्या बांगड्या वाजल्या, एक जुना राणीछाप रुपया निघाला, आणि दगडाखालच्या वाळूवरून पाट गेला तेव्हा काहीच वाजलं नाही. झालं, संपलं होतं. मी त्याच दुपारी माळ परत आणायला हवी होती. का आणली नाही? साठ वर्षं मी स्वतःला हे विचारते आहे आणि उत्तर लाज वाटण्याइतकं साधं आहे. आळस. उकाडा होता, पुन्हा खड्डा करायचा कंटाळा आला, पुन्हा तपासेल की काय अशी धाकधूकही होती, आणि ती मरियमकडे आहे म्हणजे सुखरूप आहे असं वाटलं. ती रोज कुंपणापलीकडून विचारायची, "चार दिवस झाले ना जैनू?" मी म्हणायची, "दोन दिवस थांब." एकदा म्हणाली, "मला झोप लागत नाही गं, वर बघत पडते." मी हसले.

त्या दिवसांत गल्ली अर्धी रिकामी होती. अरब कुटुंबं उन्हाळ्याला खजुरीच्या बागांकडे निघून गेली होती, त्यांची दारं दोरीने बांधलेली. गाढवावरून पाणी आणणारा एक दिवसाआड यायचा. दुपारी वायव्येकडून वारा सुटायचा आणि बंद घरांच्या झावळ्या आपोआप खडखडायच्या. कावळेसुद्धा गप्प. माझी आई असती तर म्हणाली असती, लक्षण बरं नाही.

माळ दिल्यापासून अकराव्या दिवशी, दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर गल्लीच्या टोकाला स्टोव्ह भडकला. ओरडा ऐकून मी बाहेर आले तोवर तीन घरं गेली होती. ज्वाळा नीट दिसतही नव्हत्या, उन्हात ऊन मिसळल्यासारखं झालं होतं. नुसती हवा थरथरताना दिसायची आणि मग एक छप्पर बसायचं. पुरुष सगळे बाजारात. आम्ही बायका पोरांना घेऊन मोकळ्या मैदानात पळालो. मरियम माझ्या शेजारी होती, सफिया कडेवर. सुखरूप. केसालाही धक्का नव्हता. वारा आमच्या घरांच्या बाजूला वळला होता, पण तिचं घर अजून पेटलं नव्हतं.

मी तिला काही बोलले नाही. एक शब्द नाही, हे खरं आहे आणि या खऱ्याच्या आड मी साठ वर्षं लपले. पण माझी नजर तिच्या छपराकडे गेली. आणि ती माझ्याकडेच बघत होती.

तिने सफियाला माझ्या हातात दिलं. "धर, आलेच," म्हणाली. दुकानातून मीठ आणायला जाताना म्हणतात तसं.

ती आत गेली, मग छप्पर पेटलं, मग बसलं. पाव तास म्हणाली होती ती. तेवढाही लागला नाही.

राख निवायला तीन दिवस गेले. अब्बासभाई दगडासारखे झाले होते. त्यांनीच युसुफला सांगितलं, मशीन आण, तिचं सोनंनाणं काय असेल ते काढ, पोरीसाठी ठेवतो. गल्ली जमली. मी सफियाला घेऊन उभी होते. ती माझी ओढणी चोखत होती. फुटलेल्या माठाच्या खापऱ्यांखाली मशीन चिरकलं. डबा निघाला. अब्बासभाईंनी उघडला आणि एकेक वस्तू हाताळून म्हणाले, "सगळं आहे." बायकांच्यात कुजबूज झाली, कारण सगळे धरून चालले होते की ती आपल्या सोन्यासाठी आत गेली. मग ती कशासाठी गेली?

युसुफ दोन पावलं पुढे गेला. आढं कोसळलं होतं तिथे, राखेतच, मशीन पुन्हा वाजलं. त्याने हाताने उकरलं. अर्ध्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या पुतळ्यांचा काळा गोळा. कडेच्या दोन-तीन पुतळ्यांवर वेल अजून दिसत होती.

"हे आमचं नाही," अब्बासभाई म्हणाले.

युसुफ त्या वेलीकडे बघत राहिला. निकाहाच्या दिवशी त्याने ती माझ्या गळ्यात बघितली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? त्याने बोटीवर बसवून परत पाठवलं असतं, तीनदा तलाक म्हणून मोकळा झाला असता, गल्लीने तोंडावर थुंकलं असतं. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं आणि सफियाला घट्ट धरून गप्प राहिले. घाबरले. याला दुसरा शब्द नाही.

युसुफ म्हणाला, "जुनं असेल कुणाचं. वस्तीच्या आधीचं." तो गोळा वाळूखाली नव्हता, राखेत होता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण त्याने मला वाचवलं. मरियमला कोण वाचवणार होतं?

कारण मग सुरू झालं. नवऱ्याला माहीत नसलेलं सोनं तिच्याकडे आलं कुठून? कुणी दिलं? कशाबद्दल दिलं? मेलेल्या बाईबद्दल लोक हळू आवाजात बोलतात, पण बोलतात. अब्बासभाई महिन्याभरात मुलीला घेऊन गावी गेले ते परत आले नाहीत. युसुफने मशीन उघडून तारा रेडिओंना वापरल्या आणि पाट समुद्रात फेकला. त्यानंतर आम्ही चाळीस वर्षं संसार केला. त्याने मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सुटले असते, म्हणूनच बहुधा विचारलं नाही.

सफिया लग्न होऊन पुन्हा इथेच आली, रोल्लाला. तिची मुलं जबल अलीत नोकरीला आहेत. मला खाला, म्हणजे मावशी, म्हणते, महिन्यातून एकदा येते, येताना घावणे आणते. साठी ओलांडली, पण अंगावर गुंजभर सोनं नाही. शबाना तिला चिडवते, इथे राहून काचेच्या बांगड्या! ती म्हणते, आमच्या घरात सोनं लाभत नाही.

या शुक्रवारी ती आली तेव्हा शबानाने हौसेने समोरच्या अंगणातल्या अंगठीची गोष्ट सांगितली. सापडली म्हणे, नळाशेजारी.  शबाना चहा टाकायला आत गेली तशी सफियाने पर्समधून एक रुमाल काढला आणि माझ्यापुढे उलगडला. मला तो गोळा ओळखायला चष्मा लावावा लागला नाही.

"खाला, अब्बांनी मला हे लग्नात दिलं. म्हणाले, आपल्या घराच्या राखेत निघालं म्हणून ठेवून घेतलं, तुझ्या आईचं आहे, कुठून आलं मला ठाऊक नाही. सासरी कुणाला कळू दिलं नाही मी. गावात लोक काय म्हणायचे ते मी लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही तिथे होता. तुमच्याशिवाय आता कुणी राहिलं नाही. हे तिला कुणी दिलं होतं?"

काचेवरून पाण्याचा एक ओघळ बाहेरच्या बाजूने खाली गेला. तो खालपर्यंत जाईस्तोवर मी वाट बघितली.

"मी," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. दगड, छप्पर, चार दिवस, अकरा दिवस. माझी नजर. काही गाळलं नाही.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "मला तुमच्याकडे देताना ती काय म्हणाली?"

"धर, आलेच."

तिने ते शब्द ओठातल्या ओठात म्हणून पाहिले. वाटलं रडेल, वाटलं माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने रुमालासकट तो गोळा उचलला, माझा हात उलटा केला, तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"तुमची अमानत," ती म्हणाली. "आईकडून परत द्यायची राहिली होती."

शबाना चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सफिया चपला घालत होती. घावण्यांचा डबा ती टेबलावरच विसरून गेली. परत न्यायला ती अजून आलेली नाही.